शेवटची दारू किती वाजता घेतली? डिटॉक्सला निघालेल्या घरासाठी

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "काही व्यसन?" मामी म्हणाली, "नाही तसं. कधीतरी."

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या रात्री मामा चादरीवरून काहीतरी वेचायला लागले. मुंग्या आहेत म्हणाले. मग उठून बसले, उशी पुढ्यात धरली आणि तिचं स्टिअरिंग झालं. डावा हात गिअर टाकत होता, पाय क्लच शोधत होता, मध्येच कुणाला तरी "अरे बाजूला घे" म्हणून ओरडत होते. सगळी गादी घामाने भिजली होती. पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटचे नातेवाईक मामीला हळूच म्हणाले, हे बाहेरचं दिसतंय, आमच्याकडे एक बघणारे आहेत.

बाहेरचं काही नव्हतं. मामा कित्येक वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेत होते. निवृत्तीनंतर तिला सकाळची नव्वद जोडली गेली होती. तीन दिवस शरीराला त्यातलं काहीच मिळालं नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरने मामीला बाजूला नेऊन तोच प्रश्न परत विचारला, "खरं सांगा, शेवटची कधी घेतली होती?" आणि या वेळी मामीने खरं सांगितलं. त्या उत्तरावर पुढचे सगळे उपचार ठरले आणि मामा वाचले.

घरातलं माणूस दारू सोडायला तयार झालंय किंवा होईल असं वाटतंय, पण पुढे काय करायचं ते कळत नाही, अशा घरांसाठी हे लिहितोय.

एकदम बंद का करायची नाही

आपल्याकडे सोडायची म्हणजे एकदम सोडायची. गटारीला पोटभर प्यायची आणि श्रावण लागला की थेंबालाही शिवायचं नाही. माळ घातली की बंद. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की बंद. जो महिन्यातून एकदा-दोनदा घेतो त्याला हे जमतं, शरीराला काही होत नाही. पण जो वर्षानुवर्षं रोज घेतो, ज्याचा हात सकाळी घोटभर घेतल्याशिवाय थांबत नाही, त्याच्यासाठी ही शपथ धोक्याची आहे. ती त्याने मनापासून घेतली असेल तर जास्तच, कारण मग तो ती पाळतो.

दारू मेंदूवर ब्रेकसारखं काम करते. रोज ब्रेक दाबलेलाच असेल तर गाडी चालती ठेवायला मेंदू अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. दारू अचानक थांबली की ब्रेक सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला राहतो. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, बीपी चढतं. काहींना फिट येते. काहींची शुद्ध हरपते, भास होतात, जिवावर बेततं. याला विड्रॉवल म्हणतात. याचा इच्छाशक्तीशी संबंध नाही. निग्रही माणसालाही फिट येते.

हा पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधांच्या आधाराने पार पाडणं म्हणजे डिटॉक्स. 'शरीरातलं विष काढतात' असं लोक म्हणतात, पण दारू लिव्हर एरवीही काढतच असतं. डिटॉक्समध्ये खरं काम असतं ते बिथरलेल्या मेंदूला सांभाळून खाली आणायचं.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, 'एम्स'ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. बाकीचे घरच्या घरी सोडतात आणि पुन्हा धरतात. हे सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं, तितका पुढचा विड्रॉवल जास्त जोराचा होत जातो. म्हणून "मागच्या वेळी घरीच सोडली होती, काही झालं नाही" या भरवशावर राहू नका.

पहिलं काम: वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस एक वही ठेवा. पिणाऱ्याला माहीत असू दे, लपवून करू नका. दिवसाची पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, काय आणि किती, एवढं लिहा. 'थोडीशी', 'दोन पेग' असलं लिहू नका. बाटलीचं माप लिहा. विदेशी म्हणून मिळणारी व्हिस्की-रम बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम. म्हणजे "आता फक्त बिअरवर आलोय, तीन बाटल्या" असं सांगणारा माणूस दोन क्वार्टरवर आहे. हातभट्टीचं माप काढता येत नाही. तिथे ग्लास किती आणि कशाचे तेवढं लिहा.

आणखी तीन गोष्टी लिहा. उशीर झाला की काय होतं, म्हणजे हात कापतात, ओकारी येते, घाम येतो का. यापूर्वी कधी फिट किंवा भास झालेत का. आणि झोपेच्या, 'टेन्शनच्या' गोळ्या चालू आहेत का. पुष्कळ लोक दारूच्या जोडीला अल्प्राझोलाम घेतात आणि ती कुणी मोजतच नाही.

वहीतलं कमी करून सांगू नका. आपल्या घरांत नेमकं इथेच अडतं. शेजारी ओळखीचं कुणी बसलेलं असतं, नर्स गावाकडची निघते, सून सासऱ्यासमोर बोलत नाही. तसं असेल तर आकडा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. औषधाचा डोस त्या आकड्यावरून ठरतो. अर्धं सांगितलंत तर अर्धं औषध मिळेल.

हाच नियम इतर कुठल्याही ऑपरेशनला लागू आहे. हर्नियासाठी दाखल होताय, मोतीबिंदूसाठी होताय, रोज पिणारा माणूस असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

आणि डॉक्टर गाठेपर्यंत घरातली दारू मोरीत ओतू नका. रागाने ओतावीशी वाटते, कळतं मला. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू शनिवारी रात्री ओतली आणि दवाखाना सोमवारी उघडणार असेल, तर मधला दीड दिवस सगळ्यात वाईट असतो. तोपर्यंत फिट आली, भास सुरू झाले, तो असंबद्ध बोलायला लागला, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. फिटमध्ये माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. फिट किती वेळ चालली ते घड्याळात बघून ठेवा.

घरी की दाखल होऊन

हे डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही नाही. मात्र ते कशावरून ठरवतात ते माहीत असावं. पूर्वी फिट किंवा भास झालेले, लिव्हर किंवा हृदय बिघडलेले, वयस्कर, गरोदर, दारूबरोबर गोळ्याही घेणारे, जीव द्यायचं बोलणारे, घरी एकटे राहणारे, या सगळ्यांना दाखल व्हावं लागतं. पिणं कमी असेल, विड्रॉवल सौम्य असेल आणि घरात न पिणारं, जबाबदार माणूस असेल, तर काही डॉक्टर घरीही डिटॉक्स करतात. तेव्हा गोळ्यांची पट्टी त्या जबाबदार माणसाच्या ताब्यात राहते, रोजच्या रोज मोजून दिली जाते आणि पहिले काही दिवस डॉक्टरांना रोज दाखवावं लागतं. पट्टी पिणाऱ्याच्या खिशात गेली तर त्याला घरचं डिटॉक्स म्हणता येत नाही.

कुठे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ हा यातला मुख्य माणूस. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे का ते आधी विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, जेजे, पुण्यात ससून अशा मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर सुरू केलं. तिथे बायकांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण बाई पीत असेल तर घर ते दुप्पट लपवतं आणि तिला दवाखान्यापर्यंत आणायला फार उशीर होतो.

कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना भिंतीवरच्या सुविचारांकडे बघू नका. रात्री दोन वाजता इथे कोण असतं, ते विचारा. डॉक्टर किती वेळाने पोचतात, फिट आली तर कुठल्या दवाखान्यात नेता, नर्स शिकलेली आहे का, की पूर्वीचे पेशंटच औषधं वाटतात? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. पैशांचा हिशोब लेखी घ्या. विम्याच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच पॉलिसींत दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाचा उपचार वगळलेला असतो.

"गाडी पाठवतो, उचलून आणतो, महिनाभर भेटायला येऊ नका" असं जिथे सांगतात, तिथून परत फिरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात, आणि त्या कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला साफ मनाई आहे. मारहाण हा उपचार नाही. घरच्यांनी थकून-थकून अशा ठिकाणी माणूस सोपवलेला मी पाहिलाय. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, पण तो माणूस परत आला तेव्हा त्याचा घरावरचा विश्वास गेलेला होता.

आणखी एक. 'न कळवता दारू सोडवा, जेवणात मिसळा' या पुड्या घेऊ नका. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, बीपी कोसळतं. डॉक्टर ते माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्यावरच देतात. असलं काही भाजीत मिसळलं आणि तो संध्याकाळी प्यायला, तर ते विष दिल्यासारखंच आहे.

दाखल होतानाचा दिवस

बरोबर वही, जुनी फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, आधार कार्ड, सैल कपडे, रबरी चपला. सॅनिटायझर, आफ्टरशेव्ह, माउथवॉश, खोकल्याचं औषध नेऊ नका. त्यांत अल्कोहोल असतं आणि तलफ आलेला माणूस तेही पितो. कसली लाज त्यात? वॉर्डात सगळ्यांना हे माहीत असतं.

रक्ताच्या तपासण्या होतील: लिव्हर, किडनी, साखर, सोडियम-पोटॅशियम. ईसीजी काढतील, कधी सोनोग्राफी. हिमोग्लोबिन कमी निघेल, लिव्हरचे आकडे वाढलेले असतील. ते रिपोर्ट हातात घेऊन "बघा, काय करून ठेवलंत" असं तिथे म्हणू नका.

पहिले पाच दिवस

शेवटच्या दारूनंतर सहा-आठ तासांत कापरं सुरू होतं. बारा तासांपासून पुढे फिटचा धोका, तो साधारण ४८ तासांपर्यंत. काहींना याच काळात आवाज ऐकू येतात, किडे दिसतात, पण आपण कुठे आहोत ते कळत असतं. ४८ ते ९६ तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ज्याला वॉर्डात 'डीटी' म्हणतात ते होऊ शकतं. मामांना झालं ते हेच. माणूस जागा-वेळ विसरतो, कामावर असल्यासारखे हातवारे करतो, ताप आणि घाम येतो. सगळ्यांना होत नाही, शंभरात पाचेक जणांना होतं. उपचार नसतील तर त्यात माणूस दगावतो. वेळेत मिळाले तर बहुतेक सगळे वाचतात.

म्हणून वहीत लिहिलेली ती वेळ सगळ्यात महत्त्वाची. डॉक्टर घड्याळ तिथून लावतात. दाखल झाल्याची वेळ यात उपयोगाची नाही.

दर काही तासांनी सिस्टर येईल. "हात पुढे करा, बोटं फाकवा." बोटं किती कापतात ते बघेल, तळहाताला घाम आहे का ते बघेल, मग विचारेल की मळमळतंय का, अंगावरून काही फिरल्यासारखं वाटतं का, उजेड खुपतो का, आज वार कोणता. ही गप्पांची वेळ नाही. दहा मुद्द्यांची ही तपासणी असते, प्रत्येकाला गुण असतात, आणि बेरजेवरून औषध वाढवायचं की कमी करायचं ते ठरतं.

औषध बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. लिव्हर फार बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. पहिल्या दोन दिवसांत डोस मोठा असतो, माणूस गुंगीत राहतो, आणि घरचे म्हणतात, "झोपेच्या गोळ्या देऊन नुसतं पाडून ठेवलंय." तसं नाही. दारू ज्या ब्रेकवर पाय ठेवून होती, त्याच ब्रेकवर ही औषधं पाय ठेवतात आणि पाच-सात दिवसांत तो हळूहळू उचलतात. म्हणूनच ती डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेनंतर घरी चालू ठेवायची नसतात. तसं केलं तर त्यांचीच सवय लागते.

दुसरं औषध व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायमिन. हे साधं वाटतं म्हणून कुणी त्याबद्दल विचारत नाही. मला मात्र ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं. रोज पिणारा माणूस धड जेवत नाही आणि त्याच्या आतड्यांतून थायमिन नीट शोषलं जात नाही. ग्लुकोज वापरायला मेंदूला थायमिन लागतं. आपल्याकडे अशक्तपणा आला की पहिली मागणी काय? "डॉक्टर, एक सलाइन लावा." थायमिन न देता ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही संपू शकतं, आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो, पुढे नव्या गोष्टी लक्षात राहणंच बंद होतं. म्हणून सलाइनसाठी हट्ट करू नका, आणि सलाइन लावणार असतील तर आधी थायमिनचं इंजेक्शन दिलंय का ते विचारा. असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

या दिवसांत घरच्यांनी काय करायचं? फार काही नाही. दिवा मंद ठेवा, घड्याळ आणि खिडकी दिसेल असं बसा. भास होत असतील तर वाद घालू नका. "मला नाही दिसत मुंग्या, पण मी इथेच आहे," एवढं पुरतं. कर्ज, जमीन, मेहुण्याशी झालेलं भांडण, काहीही काढू नका. कसल्याही कागदावर सही घेऊ नका. चौथ्या-पाचव्या दिवशी भूक परत येते. मामांनी पाचव्या दिवशी वरण-भात मागितला. चमचा तोंडापर्यंत न सांडता गेला तेव्हा ते हाताकडेच बघत राहिले होते.

दारूशिवाय बाकीचं

ब्राउन शुगर (म्हणजे भेसळीचं हेरॉइन) आणि त्या जातीच्या पदार्थांचा विड्रॉवल, मुलं ज्याला 'टर्की' म्हणतात, तो वेगळा असतो. नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, हाडं ठणकतात, जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस. त्रास भयंकर, पण धडधाकट माणसाचा जीव यात सहसा जात नाही. जीव जातो तो नंतर. डिटॉक्सने शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर पडून तो पूर्वीएवढाच डोस घेतो. तेवढ्याने श्वास थांबतो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच जातीचं, पण जास्त सुरक्षित औषध महिनोन्‌महिने चालू ठेवायला सांगतात. "हे तर एक सोडून दुसरं धरलं" म्हणून ते बंद करायला लावू नका.

झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते. त्या आठवडे-महिने घेऊन उतरवतात. एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर) सुटल्यावर फिटपेक्षा खिन्नतेची भीती जास्त असते. पहिले काही दिवस त्या मुलाला एकटं सोडू नका.

सुट्टी मिळताना

डिटॉक्स झालं म्हणजे व्यसन गेलं, असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे. फक्त शरीर दारूशिवाय राहायला तयार झालंय. तलफ पुढे कित्येक महिने येत राहते. पगाराच्या दिवशी, वरातीत, पोळ्याला, कधी नुसतं संध्याकाळ झाली म्हणून. त्यासाठी समुपदेशन लागतं, केंद्रात राहून करायचा कार्यक्रम लागतो किंवा एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या गटाच्या मीटिंगा. एएच्या मीटिंगांना पैसे लागत नाहीत, आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. मामीला तिथे जायला आम्हाला तीन वेळा समजवावं लागलं. तलफ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. कुठलं चालेल ते लिव्हर आणि किडनीवर ठरतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

सुट्टीच्या कागदावर चार गोष्टी बघून घ्या. झोपेची गोळी कुठल्या तारखेला बंद करायची, थायमिन किती दिवस, पुन्हा दाखवायला कधी यायचं, आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा. पहिली भेट आठवड्याच्या आत असावी. पंधरा दिवसांनंतरची दिली असेल तर लवकरची मागून घ्या.

मामा सात महिन्यांनी एका लग्नात परत प्यायले. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच फोन केला, आणि मामीने वही काढून डॉक्टरांना सांगितलं, "काल रात्री साडेनऊला, एक क्वार्टर. त्यानंतर काही नाही." दुपारी बाराला ते वॉर्डात होते. फिट आली नाही.